निमेष, अर्दित आणि लकवा

नोकरीच्या निमित्ताने परमुलखात जाऊन राहिलेल्या माणसास तेथील भाषेच्या आधी तेथील चेहरे वाचावे लागतात. अर्ज घेऊन समोर उभा असलेला मनुष्य खरे बोलतो की खोटे, भ्यालेला आहे की रागावलेला, याचा अदमास दुभाष्याचे शब्द कानी पडण्यापूर्वीच आपण त्याच्या मुद्रेवरून बांधीत असतो. म्हणूनच मालकाच्या इच्छेविरुद्ध हलणारा चेहरा हा केवळ वैद्यांच्या चिकित्सेचा विषय राहात नाही. एक डोळा वारंवार मिटणारा माणूस उद्धट ठरतो, गालाला झटके येणारा घाबरट ठरतो आणि नाक-भुवया उडविणारे मूल वात्रट ठरते. या तिघांनी काहीच केलेले नसते. त्यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंनी परस्पर केलेले असते. या परस्पर कारभाराचा अर्थ माणसाने कसकसा लावला, त्यावर उपाय कसे शोधले, त्याचा इतिहास सांगावयाचा तर आरंभास कुंभकोणम् आणि तंजावर हा टापू फार सोईचा आहे, आणि मराठी माणसास तो परकाही नाही.

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम् हे तंजावरच्या भोसले राजांच्या मुलखातील क्षेत्र. अठराव्या शतकात कामकोटी पीठाने कांची सोडल्यावर आपले ठाणे याच गावी आणले, ते मराठी राजवटीतच. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी एकामागून एक सांभाळणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथल्याच देशस्थ मराठी घराण्यात झाला. इंदूरचे दिवाण झालेले रघुनाथराव हेही याच गावचे. परमुलखी मराठी अधिकाऱ्याची परंपरा शोधीत निघाले तर ती कुंभकोणमच्या गल्ल्यांतून जाते, असे म्हणावयास हरकत नाही.

या गावाच्या पंचक्रोशीत चेहऱ्याच्या हालचालीकडे पाहण्याच्या तीन निरनिराळ्या दृष्टी शेजारी शेजारी नांदत आल्या. पहिली दृष्टी शकुनाची आणि ग्रहांची. कुंभकोणमच्या भोवताली नवग्रहांची नऊ देवस्थाने आहेत. सूर्यनारकोविल सूर्याचे, कंजनूर शुक्राचे, तिरुनागेश्वरम् राहूचे. आणि देहाच्या पीडेसाठी ग्रहशांती करणारा भाविक यांपैकी कोठे ना कोठे जातोच. पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ, याच्या उलट अशुभ, हा समज तर महाराष्ट्रापासून लंकेपर्यंत सारखा आहे. अशोकवनातील सीतेचा डावा डोळा स्फुरण पावतो आणि दुष्यंताचा उजवा बाहू स्फुरतो, ते कवींनी याच समजावर भिस्त ठेवून.

दुसरी दृष्टी नाट्याची. भरताच्या नाट्यशास्त्राने चेहऱ्याच्या प्रत्येक अवयवाची मोजदाद केली आहे. दृष्टी छत्तीस, पापण्यांची कर्मे नऊ, भुवयांची सात, नाक, गाल व ओठ यांची प्रत्येकी सहा. तंजावर दरबारात हे शास्त्र ग्रंथातच राहिले नाही. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे बंधू दुसऱ्या सरफोजींच्या आणि त्यांच्या पुत्राच्या आश्रयास होते. आज जगभर भरतनाट्यम् म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्याचा क्रम त्यांनीच बांधून दिला, आणि खुद्द सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. इच्छेच्या संपूर्ण ताब्यात असलेला चेहरा कसा असतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने या परंपरेतील अभिनय पाहावा. ताबा सुटलेला चेहरा म्हणजे काय, हे त्यावरून अधिक नीट कळते.

तिसरी दृष्टी वैद्यकाची. १७७७ साली जन्मलेले आणि १७९८ साली गादीवर आलेले सरफोजी राजे यांनी १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यावर आपले उरलेले आयुष्य विद्येला वाहिले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांनी सरस्वतीमहाल ग्रंथालय वाढविले, छापखाना काढून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापविले आणि धन्वंतरी महाल नावाची वैद्यकशाळा चालविली. तेथे देशी वैद्य आणि युरोपीय पद्धतीचे उपचार यांचा संगम होता. अनुभवास उतरलेले औषधयोग टिपून ठेवण्यात आले. ते पुढे ‘शरभेंद्र वैद्य’ या नावाने रोगवार खंडांतून तामिळमध्ये प्रसिद्ध झाले. त्याहूनही मोलाचे असे एक दप्तर सरस्वतीमहालात आहे, ते नेत्ररोग्यांच्या नोंदींचे. रोग्याची हकीकत, त्यावर केलेली शस्त्रक्रिया वा उपचार आणि डोळ्याचे रंगीत चित्र असे त्या कागदांचे स्वरूप आहे. त्यांत मोतीबिंदूचे रोगी पुष्कळ आहेत. रोग्याच्या डोळ्याचे जसे दिसले तसे चित्र काढून ठेवावयाचे, ही गोष्ट आज साधी वाटते. पण चेहऱ्याच्या विकारांचा पुढील इतिहास पाहिला म्हणजे तीच खरी कळीची गोष्ट होती हे ध्यानात येते. कारण हा सारा इतिहास सारख्या दिसणाऱ्या विकारांस एकमेकांपासून निराळे करण्याचा इतिहास आहे.

हे निराळे करण्याचे काम आपल्याकडे सुश्रुताने केव्हाच आरंभिले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांच्या रोगांची यादी आहे. तीत ‘निमेष’ नावाचा एक रोग येतो. पापणी मिटविणाऱ्या शिरांत वायू शिरला म्हणजे तो पापण्यांस अतिशय चाळवितो, असे त्याचे वर्णन. त्याच यादीत ‘वातहतवर्त्म’ हा दुसरा रोग आहे. त्यात पापणी निश्चेष्ट होते आणि मिटत नाही. एकीत गती अधिक, दुसरीत गती नाहीशी झालेली. दोन्हींचे मूळ वातच. तरीही ग्रंथकाराने त्यांस दोन नावे दिली. आणि नंतर, मोठ्या प्रामाणिकपणाने, वातज नेत्ररोगांपैकी जे असाध्य त्यांत या दोहोंचीही गणना करून टाकली. आपल्याला जे बरे करता येत नाही ते असाध्य म्हणून लिहून ठेवणे, हेही एक प्रकारचे ज्ञानच आहे.

संपूर्ण चेहऱ्याच्या बाबतीत मात्र इतकी स्पष्ट विभागणी झाली नाही. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही ‘अर्दित’ हा वातव्याधी वर्णिला आहे. अर्धा चेहरा ओढला जातो, नाक, भुवई, डोळा आणि हनुवटी वाकडी होते, वाणी अडखळते. फार मोठ्याने बोलणे, कठीण पदार्थ चावणे, हसणे, जांभई, ओझे, वेडेवाकडे निजणे ही सुश्रुताने दिलेली कारणे. नाकातून औषध घालणे, डोक्यावर तेल धरणे, शेक आणि पौष्टिक आहार हे चरकाचे उपाय. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने अर्दित म्हणजे मुख्यतः चेहऱ्याचा पक्षाघात. परंतु एक बाजू लुळी पडल्यामुळे दुसरी ओढली गेली, की आखडल्यामुळे तीच बाजू ओढली गेली, हे नुसत्या वाकडेपणावरून सांगणे अवघड असते.

हाच घोटाळा एका शब्दाने आपल्या बोलण्यात आजवर जपून ठेवला आहे. लकवा हा शब्द मराठीत हातापायांच्या पक्षाघातासही लावतात. तो मूळचा अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ चेहऱ्याचे वाकडे होणे एवढाच. त्यात लुळेपणाही आला आणि आचकेही आले. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधीवर होऊन गेलेल्या अल् राझी या इराणी वैद्याने या लकव्याचा स्वतंत्र विचार करून आचके आणि लुळेपणा यांचा भेद दाखविला. यावनी वैद्यकाबरोबर शब्द आपल्याकडे आला. भेद मात्र मागे राहिला.

चेहऱ्याचे स्नायू कोणाच्या हुकमाने हलतात, याचा उलगडा होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८२१ साली चार्ल्स बेल याने चेहऱ्याच्या मज्जातंतूंविषयीचा आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला; तंजावरचे सरफोजी राजे त्या वेळी काशीयात्रेत होते. मेंदूच्या बुंध्यातून निघणारी सातवी मज्जा कानामागील हाडाच्या अरुंद बोगद्यातून बाहेर पडते आणि गालावर तिच्या पाच मुख्य शाखा पसरतात. कपाळाच्या आठीपासून मानेच्या कातडीपर्यंतची हालचाल तिच्याच स्वाधीन असते. ती निकामी झाली म्हणजे चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. यालाच आज बेलचा पक्षाघात म्हणतात. तो बहुतेकांत काही महिन्यांत बरा होतो. पण कधी कधी पुन्हा वाढणारे तंतू चुकीच्या स्नायूंस जाऊन मिळतात, आणि मग डोळा मिटला की ओठाचा कोपराही हलतो. लुळेपणातून अनिच्छ हालचाल उपजते ती अशी.

आचक्यांचे स्वतंत्र कारण १८७५ साली सापडले. फ्रीड्रिख शुल्ट्झे या जर्मन वैद्याने चेहऱ्याच्या डाव्या अंगास सतत आचके येणाऱ्या एका ५६ वर्षांच्या माणसाचे शवविच्छेदन केले, तेव्हा एका रोहिणीचा फुगा सातव्या मज्जेवर दाबून बसलेला आढळला. १८८८ साली गॉवर्सने या विकाराचे नेटके वर्णन केले. आज त्यास अर्ध्या चेहऱ्याचा आचका म्हणून ओळखतात. तो बहुधा खालच्या पापणीपासून आरंभ होतो, महिन्यांमहिन्यांनी गालावर व ओठावर उतरतो, आणि झोपेतही थांबत नाही. लाखात सुमारे दहा माणसांस तो असतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक.

१९०५ साली बाबिन्स्कीने या विकाराची एक खूण दाखविली, ती फार मार्मिक आहे. आचका आला म्हणजे डोळा मिटतो आणि त्याच वेळी त्याच बाजूची भुवई वर चढते. निरोगी माणसाने हे मुद्दाम करून पाहावे. साधत नाही, कारण डोळा घट्ट मिटू लागला की भुवई खालीच येते. भरताच्या सात भुवईकर्मांवर प्रभुत्व असलेल्या नर्तकीसही जे वठविता येणार नाही, ते हा रोगी नकळत करीत असतो. सोंग आणि रोग यांतील फरक इतक्या साध्या निरीक्षणाने कळतो.

आता चाळ्यांकडे वळावयास हवे. ‘अंगाला चाळा लागला’ असे आपण म्हणतो, त्यात पुष्कळदा लहान मुलांचे डोळे मिचकावणे, नाक आक्रसणे, खांदे उडविणे हे प्रकार येतात. १८२५ साली इतार या फ्रेंच वैद्याने एका सरदार घराण्यातील स्त्रीची हकीकत लिहिली. तिला बालपणापासून अशा हालचाली आणि पुढे अनावर उद्गार यांचा त्रास होता. १८८५ साली झिल द ला तुरेत याने तिच्यासह नऊ रोग्यांचा अभ्यास मांडला. १८९३ साली ब्रिसो याने चाळा आणि आचका यांतील भेद सांगितला. चाळ्यापूर्वी रोग्याच्या मनात एक ओढ दाटते, ती थोडा वेळ दाबून ठेवता येते आणि हालचाल झाली की सुटल्यासारखे वाटते. आचक्याला अशी ओढ नसते आणि तो दाबता येत नाही. चाळा थोडा वेळ आवरता येतो यामुळेच आईबाप आणि मास्तर फसतात. ‘मघाशी थांबवलेस, मग आता का नाही?’ म्हणून छडी उगारतात. शिंक काही क्षण दाबता येते, म्हणून ती आपण मुद्दाम आणतो असे कोणी म्हणत नाही. मुलाच्या चाळ्याला मात्र हा न्याय मिळत नाही. बहुतेक मुलांचे चाळे वयाबरोबर कमी होतात; रागावल्याने वाढतात.

निमेषाचा न्याय तर याहूनही उशिरा झाला. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या आपोआप घट्ट मिटतात, उन्हात आणि वाचताना अधिक, आणि रोगी दृष्टी शाबूत असूनही आंधळ्यासारखा चाचपडतो. १९१० साली आंरी मेज याने पापण्यांबरोबर जबडाही आखडणाऱ्या रोग्यांचे वर्णन केले. तरीही पुढे कित्येक वर्षे या रोग्यांस मनोरोगी समजले जात असे, कारण तपासणीत काही सापडत नसे. आणि कपाळाला वा भुवईला बोट लावले की पापणी क्षणभर उघडे, त्यावरून तर संशय अधिकच बळावे. १९७६ साली लंडनच्या डेव्हिड मार्सडेन याने हा विकार मेंदूच्या खोल भागातील, गतीचे नियमन करणाऱ्या यंत्रणेतला आहे, असे सप्रमाण मांडले. बोटाच्या स्पर्शाने मिळणारा तो क्षणिक आराम ही लबाडी नसून याच जातीच्या विकारांची खूण आहे, हेही मग मान्य झाले.

निदान झाले, उपायांचे काय? पूर्वी मज्जेत मद्यार्क टोचून वा तिची शाखा कापून आचका थांबवीत. पण चेहरा लुळा पडे, म्हणजे निमेषाच्या जागी वातहतवर्त्म आणून ठेवण्यासारखेच ते. शुल्ट्झेच्या शवविच्छेदनाचा खरा उपयोग नव्वद वर्षांनी झाला. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पीटर जॅनेटा याने सूक्ष्मदर्शकाखाली मज्जेवर दाबणारी रोहिणी अलगद दूर करून मध्ये मऊ गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. मज्जा न कापता रोगाचे कारणच त्यात दूर होते आणि बहुसंख्य रोगी बरे होतात. कानाच्या मज्जेस इजा होऊन ऐकू येणे कमी होण्याचा धोका मात्र असतो. आपल्या देशात मेंदूवरील शस्त्रक्रियेचे पहिले स्वतंत्र विभाग निघाले ते मद्रास इलाख्यातच, १९४९ साली जेकब चंडी यांनी वेल्लूरला आणि १९५० साली बी. राममूर्ती यांनी मद्रासला काढलेले. राममूर्तींचा जन्म जुन्या तंजावर जिल्ह्यातील शिर्काळीचा.

दुसरा उपाय विषातून निघाला. जर्मनीतील युस्टिनुस केर्नर हा वैद्य आणि कवी नासलेल्या मांसाच्या सेवनाने होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास करीत होता. हे विष मज्जेकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडविते, तेव्हा अतिरेकी हालचालींच्या रोगावर ते अल्प मात्रेत औषध होऊ शकेल, असा तर्क त्याने १८२२ साली मांडला. १८९७ साली बेल्जियमच्या व्हान एर्मेन्गेम याने त्या विषाचा जंतू शोधून काढल्याचे प्रसिद्ध केले. १९८० साली सान फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट याने तिरळेपणावर त्याच विषाच्या सूक्ष्म मात्रेचे प्रयोग जाहीर केले, आणि १९८९ साली अमेरिकन सरकारने तिरळेपणा, पापण्यांचा आचका आणि अर्ध्या चेहऱ्याचा आचका यांसाठी ते औषध मान्य केले. आज त्याच्या नावाची प्रसिद्धी सुरकुत्या घालविण्यासाठी अधिक आहे. पण जन्मतः ते डोळ्यांच्या रोग्यांचे औषध. नेमक्या स्नायूत टोचले की तीन-चार महिने आचका शमतो. मग पुन्हा टोचावे लागते. सुश्रुताचा असाध्य निमेष यामुळे याप्य झाला, म्हणजे उपचार चालू असेतोवर आवाक्यात राहणारा.

तिसरा उपाय आपल्या मातीतला आहे. सर्पगंधेच्या मुळीविषयी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले; १९४९ साली मुंबईचे रुस्तुम जल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या गुणाची साक्ष जगापुढे ठेवली. १९५२ साली तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. तसाच गुण देणारी द्रव्ये प्रयोगशाळेत शोधताना त्याच दशकात टेट्राबेनाझिन हाती आले. मेंदूतील डोपामिनचा साठा ते कमी करते आणि अनिच्छ हालचाली मंदावते. मन उदास करण्याचा त्याचा दोष मात्र सांभाळावा लागतो. योगायोग असा की मनोविकारांवरील नवी औषधे १९५२ पासून प्रचारात आली, आणि त्यांच्या दीर्घ सेवनाने ओठ, जीभ व जबडा सतत चाळविणारा एक नवाच विकार १९५७ च्या सुमारास दिसू लागला. त्यावर २०१७ साली अमेरिकेत मान्य झालेली दोन औषधे टेट्राबेनाझिनच्याच कुळातली आहेत. सर्पगंधेच्या मुळीचा हा वंशविस्तार वैद्यांनीही अभिमान बाळगावा असाच आहे.

असो. आपल्या वाचकांपैकी कोणाची पापणी रात्री उशिरापर्यंत फायली चाळून आणि कुंभकोणमची डिग्री कॉफी अंमळ जास्त पिऊन चार दिवस फडफडत असेल, तर यातले काहीही मनावर घेण्याचे कारण नाही. थकवा, अपुरी झोप आणि कॉफी ही त्याची नित्याची कारणे; विश्रांतीने ती थांबते. शुभाशुभाचा विचार ज्याने त्याने करावा. परंतु फडफड पापणीवरून गालावर उतरली, दोन्ही डोळे उन्हात उघडेनासे झाले, किंवा एखादे औषध सुरू केल्यावर तोंड चाळवू लागले, तर मज्जाविकाराच्या डॉक्टरांकडे जावे. चेहरा एकाएकी लुळा पडला तर त्याच दिवशी जावे, कारण तो मेंदूच्या झटक्याचाही आरंभ असू शकतो.

धन्वंतरी महालातील त्या कागदांपासून आपण सरकारी माणसांनी घ्यावयाचे ते एवढेच: समोर दिसते ते आधी नीट टिपावे, अर्थ मागाहून लावावा. निमेषाच्या रोग्यांस वेड लागले असे जे समजत, ते अडाणी लोक नव्हते. त्यांनी अर्थ आधी लावला, एवढेच. आपल्या मेजापुढे उभ्या राहिलेल्या अर्जदाराचा डोळा बोलता बोलता मिटला, तर त्याच्या अर्जावरचा शेरा लिहिताना ती गोष्ट त्याच्याविरुद्ध जाऊ नये.